दुपारी तीनच्या रेकॉर्डी

मी तापट आहे असं कोल्हारात सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. बारा वर्षं सार्वजनिक वाचनालय सांभाळणारी बाई तापट नसेल तर पुस्तकं घरोघरी चुलीजवळ जाऊन बसतील. पानात खूण म्हणून कोणी एसटीचं तिकीट ठेवलं तर मी चालवून घेते. एकाने पापड ठेवला होता. त्याला मी सहा महिने पुस्तक दिलं नाही.

म्हणून चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एक टेम्पो दारात उभा राहिला आणि ड्रायव्हरने न विचारता चार सागवानी पेट्या आत आणून आदळल्या, तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. पेट्यांत पुस्तकं नव्हती, रेकॉर्डी होत्या. एकशे बासष्ट. सोबत एक रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर आणि एक पत्र.

पत्र रंगनाथ अष्टपुत्रे यांचं होतं. ते साखर कारखान्याचे जुने चीफ इंजिनियर. निवृत्त झाल्यावरही ते पुण्याला मुलीकडे गेले नाहीत, इथेच नदीकाठच्या बंगल्यात एकटे राहिले आणि जानेवारीत वारले. जाण्याआधी त्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. या जॅझ संगीताच्या रेकॉर्डी वाचनालयाने एक वर्ष ठेवून घ्याव्यात. गावात त्या कोणी ऐकत असेल तर कायमच्या ठेवाव्यात. कोणी ऐकत नसेल तर माझी मुलगी विजयमाला त्या परत घेऊन जाईल.

जॅझ म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, मग ग्रंथालयाचा कोर्स केला, त्यात जॅझ नव्हतं. पण दारात आलेली वस्तू नोंदवून जागच्या जागी लावल्याशिवाय मला जेवण जात नाही. आता या लावायच्या कशा? पेट्यांत त्या कशाही कोंबलेल्या होत्या. लेखकाप्रमाणे लावाव्यात म्हटलं तर एकेका रेकॉर्डवर सात-सात माणसांची नावं. विषयाप्रमाणे म्हटलं तर विषयच कळेना.

वाट दाखवली आसाराम गुरुजींनी. गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे, आणि सकाळचा पेपर वाचनालयात शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे. त्यांनी एक कव्हर उलटं करून डोळ्यांजवळ नेलं.

"ताई, हितं येळ दिलीय की."

मी पाहिलं. कव्हरच्या मागे गाण्यांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे बारीक आकडे छापलेले होते. ३:०५. २:५८. ३:१२.

"आपल्याकडं सकाळचा राग सकाळी आन् सांजचा सांजच्याला," गुरुजी म्हणाले. "पन आपन पहर तेवढा सांगतो. या लोकांनी मिनिटासकट छापून दिलंय. शिस्त म्हनत्यात ती ही."

मला आनंद झाला, खरंच सांगते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे वस्तू तिच्या वेळापत्रकासह पाठवली होती. मी त्याच आठवड्यात एक जाड वही आखली. डावीकडे वेळ, उजवीकडे रेकॉर्डचा क्रमांक, बाजू आणि कितवं गाणं. मग सगळ्या रेकॉर्डी पहिल्या गाण्याच्या वेळेप्रमाणे कपाटात लावल्या. फक्त एक उरली. ती जाड आणि जड होती, तिला कव्हर नव्हतं, मधल्या पांढऱ्या कागदावर शाईने इंग्रजीत काहीतरी खरडलेलं, आणि वेळ कुठेच नव्हती. जिची वेळच माहीत नाही ती लावणार कधी? मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवून दिली.

अडचण वेगळीच निघाली. माझं वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात. आणि रेकॉर्डी बघाव्यात तर निम्म्याहून जास्त तीनच्या आसपासच्या. म्हणजे गाव जेवून आडवं होतं त्या वेळच्या. "ही माणसं दुपारची झोपत न्हाईत जनू," गुरुजी म्हणाले. मी विचार केला, वेळ म्हणजे वेळ. दुसऱ्या दिवसापासून पावणेतीनला कुलूप उघडायला लागले.

पहिल्या दिवशी मी, गुरुजी आणि पंखा. दोन-अठ्ठावन्नचं गाणं लावलं, ते तीन वाजून एक मिनिटाला संपलं. चार मिनिटांनी तीन-पाचचं लावलं, ते आठला संपलं. आणखी चार मिनिटांनी तीन-बाराचं. इतकं चपखल बसत होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती. पण ते संगीत! सगळे एकदम बोलत होते, आठवडे बाजारात बोलतात तसे, आणि तरी कोणाचं कोणावर आदळत नव्हतं. मला डोकं दुखेल असं वाटलं होतं. उलट घरी जाताना माझी चाल बदललेली माझ्याच लक्षात आली.

मग माणसं वाढली. श्रीरामपूरच्या गाडीचा कंडक्टर मच्छिंद्र, त्याची गाडी पावणेतीनला समोरच्या स्टँडवर लागायची आणि तीन-चाळीसला सुटायची. तो तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसायचा आणि घड्याळ बघून मला इशारा करायचा. दूधवाल्या बनुबाई पाणी प्यायला म्हणून आत आल्या आणि राहिल्या. चार गाणी वाजली की त्यांना त्यातली माणसं ओळखीची व्हायची. एक बाई फार थकलेल्या आवाजात गायची, तीन-दहाला. बनुबाई दर वेळी म्हणायच्या, "हिला कुनीतरी घोटभर च्या द्या गं." गुरुजींना तर लगेच कळलं की हे आपल्या भजनासारखंच आहे. आधी सगळे मिळून चाल धरतात, मग एकेकाला पाळी मिळते, आणि ज्याची पाळी असेल त्याच्यासाठी बाकीचे जरा मागे सरतात. पाळी रंगली की गुरुजी मोठ्याने "वा" म्हणायचे.

वेळा पाळायला कष्ट पडले, पण मजा आली. ऐन तीन-पाचला लाईट गेली तर ते गाणं उद्यावर. एका रेकॉर्डच्या अख्ख्या बाजूवर एकच गाणं होतं आणि त्याची वेळ १८:२०. मी बुचकळ्यात पडले, पण मच्छिंद्र म्हणाला, "ताई, आमच्या डेपोत असंच लिवत्यात. संध्याकाळचं सहा-वीस." पाच-चाळीसचं एक गाणं पहाटेचं की संध्याकाळचं यावरून वाद झाला. बनुबाई म्हणाल्या पहाटेचं. मग एकदा आम्ही खरंच पहाटे पाच-चाळीसला ते लावलं. सॅक्सोफोन इतका हळू वाजत होता की झाडलोट करणाऱ्या बायका दारात खराटा धरून थांबल्या. वाद मिटला.

वहीत सालं उतरवताना मला आणखी एक शोध लागला. वीस आणि तीस सालांतली माणसं जवळजवळ फक्त तीन वाजताच वाजवायची. चाळीसमध्येही तेच. पण पन्नास साल उलटलं की कोणी सकाळी नऊ-वीस, कोणी अकरा-तीस, कोणी संध्याकाळ. वाजवणंही बदललं होतं. आधी सगळे गर्दी करून, घाईघाईने, हसत. पुढे मोकळी जागा सोडून, मध्येच गप्प बसून, विचार करत. मी दारातल्या फळ्यावरचा सुविचार पुसला आणि खडूने लिहिलं: 'पन्नास सालापर्यंत या कलावंतांना फक्त दुपारची मोकळीक होती असे दिसते. पुढे दिवसभराची मिळाली.' तो फळा मी महिनाभर पुसला नाही. स्वतःच्या अकलेवर मी फार खूश होते.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यासाठी होतं, आणि हे मला उशिरा कळलं.

वडिलांचं नाव भाऊसाहेब, घरी आम्ही आबा म्हणतो. नावातच साहेब असल्यामुळे कारखान्यातल्या खऱ्या साहेबांनाही त्यांना साहेब म्हणावं लागायचं, याची त्यांना गंमत वाटे. मिल हाऊसला फिटर होते. कुठलं बेअरिंग जायला आलंय हे ते लांबून आवाजावर ओळखायचे, आणि अष्टपुत्रे साहेबही. दोघे कधीकधी मशिनीपुढे मान तिरकी करून नुसते उभे राहायचे म्हणे. तरुणपणी आबा हलगी वाजवायचे. हे मला त्यांनी नाही, आईने सांगितलं. हात नाव काढण्यासारखा होता. पण मान दुसऱ्यांचा आणि वाजवायचं यांनी. लग्न असो, मयत असो, सांगावा आला की जायचं आणि मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि आबांनी हलगीचं कातडं फाडून टाकलं. लोखंडी कडं तेवढं ठेवलं. आमच्या घरातला पाण्याचा माठ आजही त्या कड्यावर बसतो. त्यानंतर अडतीस वर्षं त्यांनी कशावर बोट आपटलं नाही. लहानपणी मी एकदा जेवताना थाळी वाजवली, तर पाठीत धपाटा बसला. "थाळी वाजवायची न्हाई." एवढंच बोलले.

मी तीनला वाचनालय उघडायला लागल्यावर आबा माझा चहा थर्मासमधून घेऊन यायचे आणि बाहेर पायरीवर बसायचे.

"आबा, आत या की," मी म्हणायचे.

"मी कुठं ऐकाया आलोय? थर्मास न्यायाचा हाय."

चहा दोन मिनिटांत संपतो. आबा सव्वातीनपर्यंत बसायचे. आतून मला त्यांची पाठ आणि हात दिसायचे. एक हात गुडघ्यावर, आणि दुसऱ्या हाताने तो घट्ट दाबून धरलेला.

एकदा घरी जाताना त्यांनी विचारलं, ही माणसं कोण? मी कव्हरच्या मागे वाचलेलं सांगितलं. बहुतेक काळी माणसं, अमेरिकेतली. यांचे आजे-पणजे गुलाम होते. ज्या हॉटेलात हे वाजवायचे, तिथे यांना पुढच्या दाराने जाता येत नव्हतं, मागच्या दाराने जावं लागायचं. आबा पुलावर येऊन थांबले.

"आन् तरी वाजवत्यात," मग म्हणाले.

"व्हय."

"सोडलं न्हाई त्यांनी." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. सहकाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलले. "तो मागं वाजवनारा हाय ना, टिपरी घेऊन. त्याला कुनी म्होरं येऊ देत न्हाई. पन सगळी त्याच्याच जिवावर चालल्यात."

त्या दिवसापासून मला रेकॉर्डींपेक्षा तीन वाजताचे आबा महत्त्वाचे झाले. आणि त्याच महिन्यात पुण्याहून पोस्टकार्ड आलं. वर्ष संपत आलं होतं. विजयमालाबाईंनी लिहिलं होतं की वडिलांच्या इच्छेप्रमाणे आपण ठेवून घेतलंत, आभारी आहे. गावात असं संगीत कोणी ऐकत असेल असं वाटत नाही. मुंबईत एक संग्राहक आहेत, त्यांच्याकडे ते नीट राहील. बुधवारी दुपारी गाडी घेऊन येते.

मी रात्रभर चिडचिड केली. संग्राहक म्हणजे कपाटात बंद करणारा. पण त्यामागे भीती होती, ती मी कोणाला सांगितली नाही. रेकॉर्डी गेल्या तर आबा पायरीवर कशासाठी बसणार?

बुधवारी अडीचला त्या आल्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, जाड चष्मा, बोलणं हळू. मी सगळं झाडून पुसून ठेवलं होतं. वही टेबलावर उघडी, कपाटाच्या काचा चकचकीत. ऐकणाऱ्यांच्या सह्यांचं रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. वर्षभरात एक हजार नऊशे सह्या होत्या, त्यात बनुबाईंचा अंगठा रोजचा. त्यांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा जरा बदलला. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्या कपाटापाशी गेल्या.

"बाबांनी बंगल्यात सालाप्रमाणे लावल्या होत्या. ही कसली मांडणी?"

"वेळेप्रमाणे," मी अभिमानाने म्हणाले. तोवर गुरुजी, बनुबाई आणि मच्छिंद्र येऊन बसले होते. आबा पायरीवर. "छापलेल्या वेळेलाच लावतो आम्ही. एक मिनिट इकडे नाही की तिकडे."

त्यांना कळेना. मी वही दाखवली. कव्हरवरचे आकडे दाखवले. गुरुजींनी रागांचं आणि पहराचं समजावून सांगितलं. मच्छिंद्रने अठरा-वीसचा खुलासा केला. त्या ऐकत राहिल्या, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "यशोधराताई, ही लावायची वेळ नाही. गाणं किती वेळ चालतं ते आहे. तीन मिनिटं, पाच सेकंद."

बनुबाईंनी गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी वहीकडे.

"असं कसं?" मी म्हणाले. "मग लिहायचं ना तसं."

"लावून बघा. मोजू या."

तीन-पाच होतच आले होते. मी सवयीने तीन-पाचची रेकॉर्ड लावली. मच्छिंद्र मनगटावरच्या घड्याळात डोळे घालून बसला. गाणं संपलं. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोब्बर तीन मिन्टं पाच सेकंद हाय, ताई."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षभर मी गावाला वेळापत्रकावर नाचवलं. पहाटे उठवलं. फळ्यावर शोध लिहिले. गुरुजी टोपी काढून डोकं खाजवत होते, चूक त्यांचीच असल्यासारखे. आणि मला लाज वाटली की मी नेहमी काय करते? चिडते. "मग पन्नास सालाआधी सगळ्यांचीच गाणी तीन मिनिटांची कशी?" मी तावातावाने विचारलं. "हा काय योगायोग?"

विजयमालाबाई हसल्या नाहीत, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "जागा नव्हती. तेव्हाच्या रेकॉर्डच्या एका बाजूला तीन मिनिटंच मावायची. जे काय सांगायचं ते तेवढ्यात. ही पुढे त्यांचीच गाणी गोळा करून मोठ्या रेकॉर्डवर घातलेली आहेत. पन्नासच्या सुमारास लाँग प्ले आली, मग त्यांना नऊ मिनिटं, अकरा मिनिटं, अठरा मिनिटं मिळाली."

"तीन मिन्टात?"

आवाज दारातून आला. आबा उंबऱ्यावर उभे होते. वर्षभरात ते पहिल्यांदा पायरीवरून उठले होते. "त्या बाईनं आपली समदी कथा तीन मिन्टात सांगितली? आन् त्या कर्णेवाल्यानं?"

"हो," विजयमालाबाई म्हणाल्या.

"मंग लई मोठी मानसं," आबा म्हणाले, आत आले आणि मागच्या बाकावर बसले.

माझा शोध चुकला होता, पण जे खरं निघालं ते माझ्या शोधाहून मोठं होतं. मला त्या क्षणी सगळी तीन वाजताची गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकावीशी वाटली.

विजयमालाबाई रजिस्टर मिटून उठल्या. आता पेट्या मागवणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीत एकशे एकसष्टच दिसतात. बाबांच्या यादीपेक्षा एक कमी आहे."

मी खालच्या कप्प्यातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. "ही कधी लावली नाही. हिच्यावर वेळ नव्हती."

कागद सोडल्यावर त्यांनी मधल्या पांढऱ्या कागदावरचं अक्षर बघितलं आणि चष्मा काढून पुसला. अक्षर त्यांच्या वडिलांचं होतं. आर. ए., मुंबई, १९४८. त्यांनी ही रेकॉर्ड कधी बघितली नव्हती. बाबा खोलीचं दार लावून ऐकायचे, त्या सांगू लागल्या, घरात कोणाला आत यायची परवानगी नव्हती. आईला हे संगीत आवडायचं नाही. मला बाबांचं दारच जास्त आठवतं.

त्यांनी प्लेअरचं बटण फिरवून जुन्या रेकॉर्डींना लागते तेवढी गती वाढवली आणि सुई ठेवली. आधी नुसती खरखर. मग एक तरुण आवाज इंग्रजीत मोजू लागला, एक, दोन, एक-दोन-तीन-चार. विजयमालाबाईंचा हात तोंडावर गेला.

"बाबा," त्या म्हणाल्या. "असंच मोजून ते माझ्या डोळ्यांत औषध घालायचे."

क्लॅरिनेट होता, पियानो होता, आणि ड्रम. मोजणारा तोच ड्रम वाजवत होता, हे बनुबाईंनासुद्धा कळलं. कॉलेजातली तीन पोरं कुठल्यातरी स्टुडिओत जाऊन हौसेने रेकॉर्ड करत असावीत. साहेबांनी सुरुवात झोकात केली. पण अर्ध्या मिनिटात त्यांचा हात चळायला लागला. क्लॅरिनेटवाला पुढे पळत होता आणि साहेब त्याच्या मागे. गुरुजी अस्वस्थ झाले. "सुटतंय," ते पुटपुटले. आणखी दोन आवर्तनं आणि मग सगळं विस्कटणार, हे उघड होतं. चीफ इंजिनियर असलेला, सगळ्या कारखान्याला धाक असलेला माणूस आपल्या मुलीसमोर तोंडघशी पडणार होता, मेल्यानंतर एका वर्षाने.

तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला.

आधी एका बोटाचा. मग पूर्ण पंजाचा. मी मागे वळले. आबा डोळे मिटून बाकाच्या फळीवर वाजवत होते. डाव्या हाताने सावकाश, भक्कम ठोका धरला होता आणि उजवा त्याच्यावर बारीक बारीक पेरत होता. साहेब जिथे घाई करत होते तिथे आबा थांबवत होते, आणि जिथे ते अडखळत होते तिथे पुढे होऊन वाट दाखवत होते. तबकडीतला माणूस सुधारणार नव्हता, हे मला माहीत आहे. तो शेहेचाळीस वर्षांपूर्वी जे चुकला ते चुकलाच होता. पण त्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं की विस्कटलेलं पुन्हा जुळलं. बाक फाटेल असा आवाज येत होता. बनुबाई मान डोलवत होत्या. गुरुजी तोंड उघडं टाकून आबांच्या हातांकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडून "वा" निघायचंसुद्धा राहून गेलं.

रेकॉर्ड संपली. आबांनी डोळे उघडले आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून हात मांडीखाली घातले.

"साहेबांचा ताल सुटत हुता," ते ओशाळून म्हणाले. "कसं बसवंल?"

विजयमालाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. मी काय करत होते ते सांगत नाही.

"पुन्हा लावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाजवाल?"

"न्हाई," आबा म्हणाले. मग हात मांडीखालून काढत, "उद्या बघू."

गुरुजींनी घसा खाकरला. शिक्षकाची जात, अर्धवट काम त्यांना चालत नाही. "पन हिची येळ काय लिवायची, बाई? वहीत पायजे."

लांबी आहे, वेळ नाही, हे पंधरा मिनिटांपूर्वी सगळ्यांनी मान्य केलं होतं. विजयमालाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि पांढऱ्या कागदावर, वडिलांच्या अक्षराखाली, नीट लिहिलं: ३:२५.

"रोज याच वेळेला लावा," त्या म्हणाल्या. "बाकीच्याही तुमच्या वेळेलाच राहू द्या. मुंबईला मी कळवते."

मच्छिंद्र पेटी उचलून गाडीकडे निघाला, कारण त्याचेही तीन-चाळीस होत आले होते. विजयमालाबाईंची गाडी आली तशी रिकामी परत गेली. जाण्याआधी त्यांनी रजिस्टरमध्ये सही केली, आणि वेळेच्या रकान्यात मिनिटासकट वेळ लिहिली.

संध्याकाळी मी आणि आबा पुलावरून घरी चाललो होतो. खाली प्रवरेला थोडंसंच पाणी होतं. मला राहवलं नाही.

"आबा, आज वाजवलंत तुमी."

"व्हय."

"अडतीस वर्सांनी."

त्यांनी थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आज कुनी सांगितलं न्हवतं," ते म्हणाले.

रात्री जेवायला बसलो. आई भाकरी टाकत होती आणि मी दुपारची सगळी हकीकत तिला सांगत होते, फळ्यावरच्या शोधाचा भाग वगळून. मध्येच टक टक असा आवाज आला. आबांचं लक्ष नव्हतं. त्यांची दोन बोटं थाळीच्या काठावर होती, आणि साहेबांची ती चाल, आता अगदी सरळ, थाळीवर चालली होती. आईचा हात तव्यावर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी चेहरा शक्य तितका तापट केला.

"आबा," मी म्हणाले, "थाळी वाजवायची न्हाई."

त्यांनी चमकून बोटं उचलली. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्यांनी भाकरी बाजूला ठेवली, थाळी पुढे ओढली, आणि दोन्ही हातांनी वाजवली.